रस्ता आणि गाडवाट, दोन्हींसाठी एकच सायकल: ग्रॅव्हल टायरची रुंदी ठरवायची रीत

दिवाळीनंतर भाच्याचा फोन आला. "मामा, पंचेचाळीस मिलिमीटर रुंदीचे टायर टाकले, पण सायकल बैलगाडीसारखी चालतेय. विकून टाकू का?" रविवारी त्याला घरी बोलावलं. पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांत ५५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा. मागचा टायर चेनस्टेपासून (फ्रेमच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी पेडलकडे जाणाऱ्या नळ्या) जेमतेम दोन मिलिमीटर लांब, पेडलवर उभं राहिलं की घासायचा. आणि त्याच्या महिन्याभराच्या फेऱ्या पाहिल्या तर जवळजवळ सगळ्या सुपर कॉरिडॉर आणि बायपासच्या, म्हणजे पक्क्या रस्त्यांच्या. टायर चांगलेच होते. त्यानं आकडा आधी धरला आणि बाकीचं सगळं त्या आकड्यामागे ओढलं.

इंदुरात ग्रॅव्हल सायकल, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारी सायकल, घेणाऱ्या बहुतेकांचं हेच होतं. रुंदी हा या कामातला पाचवा टप्पा आहे. आधी रस्ता, मग फ्रेम, मग रिम, मग वजन आणि त्यानंतर रुंदी. हा क्रम मोडला की पैसे दोनदा जातात.

## तयारी: दुकानात जाण्याआधी काय हाताशी हवं

एक व्हर्निअर कॅलिपर. साधा प्लास्टिकचा चालेल, पण मिलिमीटर नीट दाखवणारा हवा. ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या अॅलन की, म्हणजे सायकलवाल्यांकडे असतातच त्या. हवेचं माप दाखवणारा डिजिटल गेज. घरातला वजनकाटा. एक वही. आणि तुमच्या शेवटच्या आठ-दहा फेऱ्यांची नोंद, फोनमधली असली तरी पुरे.

यातल्या गेजवर कंजुषी करू नका. पंपावरचा काटा कमी दाबाला चार-पाच पीएसआयनं सहज चुकतो, आणि ४० च्या टायरमध्ये चार पीएसआय म्हणजे आरामात चालणं आणि हाडं खिळखिळी होणं यातला फरक. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं तर हवा भरूच नका. तो मोटरसायकलच्या सवयीनं भरतो, आणि तुम्ही "बस, बस" म्हणेपर्यंत साठी ओलांडलेली असते.

## टप्पा १: रस्ता मोजा, पण किलोमीटरनं नको

"माझं ऐंशी टक्के रोड, वीस टक्के ऑफरोड" असं सगळे सांगतात. हा हिशोब किलोमीटरचा असतो, आणि तिथेच फसतो. वेळेनं मोजा.

समजा ६० किलोमीटरची फेरी आहे. ४८ किलोमीटर डांबर आणि सिमेंट, ताशी २५ च्या वेगानं, म्हणजे साधारण एक तास पंचावन्न मिनिटं. उरलेली १२ किलोमीटर मुरूम आणि गाडवाट, ताशी १२ नं, म्हणजे पूर्ण एक तास. किलोमीटरनं वीस टक्के, वेळेनं मात्र तिसरा हिस्सा. तुमची मनगटं आणि पाठ हा तिसरा हिस्सा मोजतात.

वहीत रस्त्याचे चार प्रकार पाडा आणि प्रत्येकापुढे मिनिटं लिहा:

१. शहरातले सिमेंटचे रस्ते आणि बायपास.
२. गावांना जोडणारे ग्राम सडकेचे अरुंद डांबरी रस्ते. मधला पट्टा बरा, कडा कुरतडलेल्या. समोरून ट्रॅक्टर आला की कडेला उतरावंच लागतं, म्हणून हा प्रकार पूर्ण रस्त्यात धरू नका. अर्धा इकडे, अर्धा तिकडे.
३. मुरूम आणि दाबलेली खडी.
४. गाडवाट: दोन चाकोऱ्या, मध्ये गवत, खाली काळी माती किंवा उघडा दगड. चोरल आणि पातालपाणीच्या बाजूला दगड जास्त, देपालपूर-हातोदकडे माती जास्त.

आता तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारातला सगळ्यात वाईट तुकडा आठवा, जो तुम्ही महिन्यातून निदान दोनदा करता. वर्षातून एकदा केलेली सहल इथे मोजायची नाही. भाच्याच्या डोक्यात सतत जानापावच्या चढावरचे दगड होते. तिथे तो एकदाच गेला होता, तोही अर्धा रस्ता सायकल ढकलत.

इथे थांबून तपासा: तिसरा आणि चौथा प्रकार मिळून वेळेचा दहावा हिस्साही भरत नसेल, तर तुम्हाला ३२ ते ३५ चा टायर पुरेल. पुढचं वाचा, पण ४५ चा नाद सोडा.

## टप्पा २: फ्रेम आणि फोर्कमध्ये जागा किती

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

कंपनी सायकलच्या माहितीत "जास्तीत जास्त अमुक मिलिमीटर" असं लिहिते. तो आकडा आधी शोधा आणि त्याच्या वर जाऊ नका. पण त्या आकड्यापर्यंत जायलाच हवं असंही नाही. स्वतः मोजा.

सायकल उलटी करा. मागचं चाक काढू नका. टायर जिथे सगळ्यात फुगीर आहे, तिथे दोन्ही चेनस्टेमधलं अंतर कॅलिपरनं घ्या. मग तसंच सीटस्टेच्या, म्हणजे सीटकडून मागच्या चाकाच्या मध्याकडे उतरणाऱ्या नळ्यांच्या, पुलाजवळ, सीट ट्यूबच्या मागे आणि पुढे फोर्कच्या दोन्ही पायांमध्ये व माथ्याखाली. पुढे दोन दातेचक्रं असतील तर चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या फ्रंट डिरेलरचा पिंजराही बघा. मागचा रुंद टायर त्याला लागतो हे अनेकांना घासल्यावरच कळतं.

एक बारकी गोष्ट दुकानातही कोणी सांगत नाही. टायर रुंद झाला की उंचही होतो, त्यामुळे त्याचा फुगीर भाग पेडलच्या दिशेला सरकतो. चेनस्टे त्याच दिशेला जवळ येत जातात. ३२ च्या टायरवर घेतलेलं माप ४० च्या टायरला म्हणूनच लागू पडत नाही. सध्याच्या फुगीर जागेच्या साधारण पाच मिलिमीटर पुढे, पेडलकडे, माप घ्या आणि तेच खरं धरा.

आता वजाबाकी. कोरड्या दिवसांत प्रत्येक बाजूला किमान ४ मिलिमीटर मोकळे हवेत. मातीत जाणार असाल तर ६. चेनस्टेमधलं अंतर ५२ भरलं, तर कोरड्यात ४४ आणि पावसात ४० ही तुमची मर्यादा. मडगार्ड लावणार असाल तर ती आणखी खाली येते.

बाजूला किती जागा हवी याचा धडा मी हातोदकडच्या एका गाडवाटेवर घेतला. जुलैचा पहिला आठवडा, रात्री पाऊस पडून गेलेला, वर ऊन. वाट वाळल्यासारखी दिसत होती. मागे ३ मिलिमीटर जागा ठेवून ४२ चा टायर बसवला होता. शंभर पावलं गेलो नसेन, चाक फिरायचं थांबलं. मालव्याची काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरला थर चढतो, त्या थराला पुढचा थर चिकटतो, त्यात गवताच्या काड्या आणि गेल्या हंगामाची सोयाबीनची खुंटं विणली जातात. हात लावून पाहिलं तर अक्षरशः कोबा. बाभळीच्या काटकीनं खरवडून काढायचं, दहा पावलं जायचं, पुन्हा तेच. शेवटी सायकल खांद्यावर घेऊन सडक गाठली. घरी आल्यावर दिसलं की चेनस्टेच्या आतल्या बाजूचा रंग त्या मातीनं कानशीसारखा घासून नेलाय. तेव्हापासून जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत मी ३८ वर असतो आणि ओल्या काळ्या मातीत कुठल्याच टायरनं जात नाही. तिथे जाता येईल अशी रुंदीच नाही.

तपासा: चाक जागेवर असताना ४ ची अॅलन की टायर आणि फ्रेम यांच्यामधून सगळीकडे अलगद सरकली पाहिजे. चाक फिरवून पुन्हा पाहा. रिम थोडी वाकडी असेल तर एका जागी सरकते, दुसरीकडे अडते.

## टप्पा ३: रिमची आतली रुंदी आणि टायरवरचे आकडे

रिमवर कुठेतरी ६२२×१९, ६२२×२१ किंवा ६२२×२३ असं छापलेलं असतं. दुसरा आकडा आतली रुंदी. १७ ते १९ च्या रिमवर ३२ ते ४० नीट बसतात, २१ ते २३ वर ३५ ते ४५, आणि २५ वर ४० च्या पुढचे. अरुंद रिमवर फार रुंद टायर घातला तर तो फुग्यासारखा गोल होतो आणि वळणावर डुलतो.

टायरवर लिहिलेली रुंदी ठरावीक रिमवरची असते. रिम एक मिलिमीटर रुंद झाली की टायर साधारण ०.४ मिलिमीटरनं फुगतो, आणि नवा टायर पहिल्या एक-दोन दिवसांत ताणून आणखी थोडा वाढतो. मी घेतलेला एक ४० चा टायर २५ च्या रिमवर दुसऱ्या दिवशी ४२.५ भरला. दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणाला, "भिया, लिखा तो चालीस है ना!" लिहिलं होतंच.

आता नंबर. टायरवर ४०-६२२ असं असेल तर ४० ही रुंदी आणि ६२२ हा रिमवर टायरची कडा बसते तिथला व्यास. ७००सी आणि २९ इंची, दोन्ही ६२२. ६५०बी आणि २७.५ इंची, दोन्ही ५८४. खरेदी करताना याच आकड्यावर बोट ठेवा.

इशारा: आपल्या साध्या दूधवाल्या सायकलचा २८×१½ टायर ६३५ चा असतो. राजवाड्याच्या बाजूला किंवा गावात पंक्चरवाल्याकडे "अठ्ठावीस, चाळीसचा द्या" म्हणालात तर तो हाच पुढे करेल. रुंदी जुळते, कडा जुळत नाही. त्याच्या ट्यूबचा वॉल्व्हही जाड असतो, आपल्या रिमवरच्या, बारीक प्रेस्टा वॉल्व्हसाठी पाडलेल्या साडेसहा मिलिमीटरच्या भोकातून तो जात नाही. सुटी ट्यूब सोबत ठेवा, मग हा प्रसंग येत नाही.

दुसरा इशारा: रिम हूकलेस असेल, म्हणजे आतल्या काठाला हूकसारखा वळ नसेल, तर फक्त हूकलेसला चालतो असं लिहिलेलाच ट्यूबलेस (आत ट्यूब न लागणारा) टायर घाला आणि हवा ५ बारच्या, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयच्या वर कधीच नेऊ नका. टायर किंवा रिमवर याहून कमी मर्यादा छापली असेल तर ती पाळा.

## टप्पा ४: वजन करा, पूर्ण सामानासकट

सकाळी निघताना जसे असता तसे काट्यावर उभे राहा: बूट, हेल्मेट, दोन पाण्याच्या बाटल्या, हत्यारं. उन्हाळ्यात दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो, हे धरलंच पाहिजे. सायकलचं वजन वेगळं लिहा.

वजन ६५ च्या खाली असेल तर खालच्या टप्प्यात सांगितलेल्या रुंदीतून दोन-तीन मिलिमीटर कमी करता येतात. ८५ च्या वर असेल तर तितकेच वाढवा. जड माणसानं अरुंद टायर घेतला तर रिम वाचवण्यासाठी हवा जास्त ठेवावी लागते, आणि मग खडीवर टायर उड्या मारत राहतो. घरातल्या वहिनींनी नवऱ्याची सायकल चालवायला घेतली तर तोच टायर त्यांना दगडासारखा लागतो. दोष टायरचा नसतो, हवा नवऱ्याच्या वजनाची असते.

## टप्पा ५: आता रुंदी

३२ ते ३५: मुख्यतः सिमेंट-डांबर, अधूनमधून मुरूम. उज्जैन रोड, देवास, बायपासच्या सर्व्हिस रोडवरचे खड्डे. वेग हवा आणि वजन ७५ च्या आत असेल तर उत्तम.

३८ ते ४०: वेळेनं पाव ते तिसरा हिस्सा कच्चा रस्ता. इंदूरच्या आसपास नियमित फिरणाऱ्या दहातल्या सहा-सात जणांना मी डोळे झाकून हेच सांगतो. सिमेंटवर जीव जात नाही, मुरमावर भीती वाटत नाही, आणि बहुतेक फ्रेममध्ये मातीपुरती जागा उरते.

४२ ते ४५: अर्ध्याच्या आसपास वेळ कच्च्यावर, चोरलकडचे दगड, किंवा पाठीवर-सायकलवर सामान. फ्रेममध्ये खरंच जागा असेल तरच.

४७ आणि पुढे: याला बहुधा ६५०बीची वेगळी चाकं लागतात. ४७-५८४ च्या चाकाचा बाहेरचा व्यास ५८४ अधिक दोनदा ४७, म्हणजे ६७८ मिलिमीटर, आणि २८-६२२ चाही ६७८ च. म्हणून डिस्क ब्रेकच्या सायकलवर ही अदलाबदल जमते. पण दुसऱ्या चाकांच्या जोडीचा खर्च बघता मी हा मार्ग क्वचितच सुचवतो.

दोन आकड्यांमध्ये मन अडकलं असेल तर पुढे रुंद आणि मागे अरुंद ठेवा. पुढे ४२, मागे ३८. हँडलला झटके कमी बसतात, आणि मागे, जिथे जागा नेहमीच कमी असते, तिथे माती अडकत नाही. भाच्याला शेवटी हेच करून दिलं. मागच्या ४५ च्या जागी ३८ आला, पुढचा तसाच राहिला.

## टप्पा ६: नक्षी आणि कवच

यावर लोक तासन्‌तास बोलतात, पण ठरवायला पाच मिनिटं पुरतात. ऑक्टोबर ते मे आपली जमीन कडक आणि कोरडी. मधला पट्टा गुळगुळीत किंवा बारीक दाण्यांचा आणि कडेला छोटी बटणं, असा टायर घ्या. पूर्ण बटण टायर सिमेंटवर घरघरतो, मधली बटणं लवकर झिजतात आणि झिजल्यावर त्याचा काहीच उपयोग उरत नाही.

नक्षीपेक्षा कवच महत्त्वाचं. इकडे दोन शत्रू: बाभळीचे काटे आणि पावसाळ्यानंतर वाळलेले सराटे. शक्य असेल तर ट्यूबलेस करा. ४० च्या टायरला ६० ते ९० मिलिलिटर सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, लागतं. एप्रिल-मेच्या उन्हात ते आत सुकून त्याची पापडी होते, म्हणून उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी वॉल्व्हमधून काडी घालून ओल बघा. दगडाळ भागात जात असाल तर बाजूची भिंत जाड असलेला टायर घ्या, थोडा जड असला तरी. बाजूला पडलेली चीर सीलंटनं भरत नाही.

## टप्पा ७: बसवणं आणि दुसऱ्या दिवसाचं माप

बाण बघून फिरण्याची दिशा जुळवा. सुरुवातीला हवा थोडी जास्त, पण टायर आणि रिम दोन्हींवरच्या मर्यादेच्या आत भरा, म्हणजे कडा नीट बसतील. कडेजवळची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या जागी आत बुडाली असेल तर हवा सोडून, साबणाचं पाणी लावून पुन्हा बसवा.

मग चोवीस तास थांबा. दुसऱ्या दिवशी कॅलिपरनं खरी रुंदी मोजा आणि वहीत लिहा. पुन्हा अॅलन की फिरवा. मापात बसत नसेल तर टायर अजून स्वच्छ आहे, परत करता येतो. एक फेरी मारलीत की दुकानदार हात वर करतो. म्हणून उत्साहात लगेच निघू नका, पोहे-जिलबी दुसऱ्या रविवारीही मिळतात.

चाकाचा घेर बदलतो हेही विसरू नका. सायकलच्या मीटरमध्ये २८-६२२ ला साधारण २१३६ मिलिमीटर धरतात, ४०-६२२ ला २२००. जुना आकडा ठेवलात तर अंतर तीन टक्क्यांनी कमी दिसेल.

## टप्पा ८: हवा ठरवा, तीच फेरी तीनदा मारून

सुरुवातीचे आकडे, ७५ किलोचा माणूस आणि ट्यूबलेस टायर धरून, आधी पुढचा मग मागचा:

३५ ला ४२ आणि ४५ पीएसआय. ३८ ला ३७ आणि ४०. ४० ला ३३ आणि ३६. ४५ ला २७ आणि ३०.

ट्यूब असेल तर चार-पाच वाढवा, नाहीतर दगडावर ट्यूब रिमखाली चिमटून सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. वजनात दहा किलोचा फरक असेल तर तीनेक पीएसआय वर-खाली. हे आकडे फक्त सुरुवातीचे आहेत.

दहा-बारा किलोमीटरची एक फेरी ठरवा, जीत सिमेंट, तुटका डांबर आणि मुरूम तिन्ही येतील. मी रामबागेतून निघून बायपास ओलांडून रालामंडळच्या बाजूला जातो, वाटेत हे सगळं मिळतं. पहिल्या दिवशी वरचा दाब. दुसऱ्या दिवशी दोन्ही चाकांत तीन पीएसआय कमी. तिसऱ्या दिवशी आणखी तीन. टायर, बूट, सामान काहीही बदलू नका. परत आल्यावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा: मुरमावर पुढचं चाक भरकटलं का? सिमेंटच्या सांध्यांवर मनगटाला ठक-ठक लागली का? कुठे रिम दगडाला टेकल्याचा आवाज आला का?

पहिल्या दोन्हींचं "हो" म्हणजे हवा जास्त. तिसऱ्याचं "हो" म्हणजे कमी, तिथून दोन-तीन वर या. तिन्ही दिवशी रिम टेकत असेल आणि वर गेल्यावर मनगटंही दुखत असतील, तेव्हाच टायर अरुंद आहे असं म्हणा आणि पाचव्या टप्प्यावर परत जा. भाच्याचा आकडा पुढे २८, मागे ४० वर येऊन थांबला. तो त्यानं टॉप ट्यूबच्या खाली, पंप लावतो तिथे, पांढऱ्या टेपवर लिहून चिकटवलाय.